कुठली पिशवी?

माझ्या ऑफिसात पहिल्यांदा येणारा माणूस बहुतेक वेळा हातात वस्तू घेऊन येतो. मी ग्राहकांचे दावे चालवते, त्यामुळे बिघडलेली वस्तू हाच आमच्या धंद्याचा कच्चा माल. फुटलेला कुकर येतो, न उगवलेलं बियाणं येतं, एका पायाला घट्ट आणि दुसऱ्याला ढगळ निघालेले बूट येतात. विट्याचे एक गृहस्थ मुलीच्या लग्नाचा अल्बम घेऊन आले होते. फोटोग्राफरने अंतरपाट दूर होतानाचा क्षण सोडला होता आणि आइस्क्रीमच्या स्टॉलचे फोटो मात्र जीव ओतून काढले होते. "ह्यात माझी पोरगी कुठं हाय ती दाखवा, मी केस मागं घेतो," असं म्हणत त्यांनी अल्बम माझ्यापुढे आपटला. एक आजोबा कानाचं यंत्र घेऊन आले. मी विचारलं, "यंत्राला काय झालंय?" ते म्हणाले, "सांगलीहून." त्यांचा दावा तिथेच सिद्ध झाला होता.

शालनताई आल्या तेव्हा त्यांच्या हातात काहीच नव्हतं. त्यांची तक्रार त्यांच्या पोटात होती.

माझं ऑफिस सांगलीच्या बाजारपेठेत, गुळाच्या वखारीवर आहे. हंगामात खालून गुळाचा वास येतो आणि त्यामागोमाग गांधीलमाशा. जिना अरुंद आणि उभा. तो चढून यायला शालनताईंना बराच वेळ लागला, पण नवऱ्याचा हात त्यांनी धरला नाही. नवरा लष्करातून निवृत्त झालेला हवालदार. गाव औंधच्या बाजूचं, घराणं मूळचं मेंढपाळ, आता थोडी शेती. हवालदार ताठ उभे राहून बोलायला लागले.

"मॅडम, केस एकदम क्लिअर हाय. डॉक्टरला आत टाकायचा."

"आवं, बसा तरी आधी," शालनताई म्हणाल्या. "बाईंनी काय परेड बोलावलीया का?"

मग त्यांनी स्वतःच सांगितलं. अंगावरून फार जायचं. औषधं झाली, काढे झाले. सांगलीच्या एका मोठ्या खासगी दवाखान्यात दाखवलं. पिशवीत गाठ निघाली. पिशवी काढायची ठरली. दवाखान्याबाहेर मोठा फलक होता: दुर्बिणीची शस्त्रक्रिया, मोठा छेद नाही, लगेच कामावर. ऑपरेशन झालं, त्या खरंच लवकर उठल्या, शेतात तण काढायला, भांगलायलाही गेल्या. काढलेल्या गाठीचा तपासणी अहवाल आला तेव्हा कळलं की गाठीत कर्करोग होता. पुढं काही महिन्यांत पोट वर यायला लागलं. मिरजेच्या डॉक्टरांनी पोट उघडलं आणि लगेच पुन्हा शिवलं. आत सगळीकडे दाणे पसरले होते.

"मिरजेचे डॉक्टर म्हनले, गाठ आतल्या आत मशिनीनं बारीक केली म्हनून पसरली," हवालदार म्हणाले. "मशिनीचं नाव बी सांगितलं. मार्शल-लेटर."

"मॉर्सेलेटर."

"तेच. त्याचं कोर्टमार्शल करायचं."

या यंत्राबद्दल इथेच सांगते, कारण पुढची सगळी कथा त्याच्याभोवती फिरते. गर्भाशय काढण्याची जुनी पद्धत पोटाला मोठा छेद घेऊन. नव्या पद्धतीत पोटाला बोट जाईल एवढी भोकं पाडतात आणि दुर्बिणीतून पाहत काम करतात. बाईला वेदना कमी होतात, ती लवकर हिंडू-फिरू लागते. हे खरं आहे आणि मी त्याच्या विरोधात नाही. प्रश्न असा की नारळाएवढं झालेलं गर्भाशय बोटभर भोकातून बाहेर काढायचं कसं? त्यासाठी हे यंत्र. एक नळी, तिच्या टोकाला गरगर फिरणारं पातं. नळी पोटात घालायची, आतच तुकडे करायचे आणि ओढून बाहेर काढायचे.

मी कागदावर आकृती काढून दाखवली. हवालदारांनी मान वाकडी करून पाहिली.

"म्हंजी कडबाकुट्टीच की."

कडबाकुट्टीच. आणि कुट्टी चालते तेव्हा भुसा उडतो, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. गाठ साधी असेल तर बहुधा निभावतं, तरी साध्या गाठीचे कणही कधी कधी पोटात दुसरीकडे रुजतात. पण गाठीच्या आत कर्करोग दडलेला असला, तर कुट्टीत बियांसकट गाजरगवत घातल्यासारखं होतं. आणि दडलेला रोग ऑपरेशनआधी खात्रीनं ओळखता येतोच असं नाही, हे डॉक्टरच सांगतात. असं क्वचित घडतं. परंतु ज्या बाईच्या पोटात घडतं तिच्यासाठी ते क्वचित नसतं. यंत्र कर्करोग निर्माण करत नाही. ते तो पेरतं. परदेशात हे उघडकीला आलं तेव्हा तिथल्या सरकारी यंत्रणांनी इशारे दिले, बायकांनी आणि मागे राहिलेल्या नवऱ्यांनी यंत्राच्या कंपन्यांना कोर्टात ओढलं, काही यंत्रं बाजारातून उचलली गेली. त्यानंतर एक उपाय पुढे आला. जाड प्लास्टिकची पिशवी पोटात उघडायची, गर्भाशय तिच्यात घालायचं आणि यंत्र त्या पिशवीच्या आतच चालवायचं. त्यानं धोका संपत नाही, कमी होतो. शालनताईंच्या ऑपरेशनमध्ये ती वापरली नव्हती. मी त्यांना हे समजावलं तेव्हा सोपं करून म्हणाले, "आत प्लास्टिकचं कव्हर घालायला हवं होतं, ते घातलं नाही."

शालनताईंनी आकृतीचा कागद स्वतःकडे ओढला.

"दुसरा रस्ता व्हता का?"

"होता. पोटाला छेद घेऊन गाठ अखंड काढायचा."

"मग मी तसंच म्हनले असते की. चिरा म्हनले असते. माझ्या सासूचं चिरलं व्हतं, ती नव्वदीत बी ऊन खात बसलीया." त्यांनी आकृतीवर बोट ठेवलं. "मला इचारलं न्हाई."

"सही कुणाची आहे?"

हवालदारांनी खाली पाहिलं. संमतीची सही त्यांची होती.

"माझ्या पोटाची परवानगी ह्यांनी दिली," शालनताई म्हणाल्या. "फौजंत सवय लागलीया, सायबानं म्हनलं की सही."

मी त्यांना विचारलं की या दाव्यातून काय हवंय. हा प्रश्न मी प्रत्येक अशिलाला विचारते आणि बहुतेकांना त्याचं उत्तर माहीत नसतं. शालनताईंना होतं.

"डॉक्टरला आत टाकून माझं पोट बसनार न्हाई. मला एवढंच लिहून पायजे, की ह्या बाईला इचारलं न्हाई. माझ्या धाकट्या जावंला, मंगलला, तसंच जातंय अंगावरनं. उद्या ती बी जाईल. तिला तरी कुनी इचारावं."

आणि मग जिना उतरताना, "पर लवकर करा बाई. माझ्याकडं लय दिस न्हाईत."

मी पत्रकांच्या घरात वाढले. आमचे आप्पा साखर कारखान्यात कामगार आणि संघटनेचे कार्यकर्ते. जेवणं झाली की ताटं उचलून त्याच जागी पत्रकांचे गठ्ठे यायचे आणि आम्ही भावंडं घड्या घालायला बसायचो. मी अक्षरं अंकलिपीवरून शिकले नाही, पत्रकांच्या मथळ्यांवरून शिकले. मला लिहिता आलेला पहिला शब्द 'जाहीर'. दुसरा 'निषेध'. शालनताईंच्या तक्रारअर्जाचा पहिला मसुदा मी त्याच थाटात लिहिला. आप्पांनी वाचला आणि मांडीवर थाप मारून म्हणाले, "झकास!" तेव्हाच मला कळलं की हा ग्राहक आयोगात टिकणार नाही. पुन्हा लिहिला. 'रुग्णांच्या जिवावर उठलेली मस्तवाल व्यवस्था' गेली आणि तिच्या जागी 'सेवेतील त्रुटी' आली. राग तोच होता, फक्त त्याला इस्त्री केली.

आई मात्र दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. ज्या डॉक्टरांवर दावा होता त्यांनीच माझ्या बहिणीचं अडलेलं बाळंतपण सोडवलं होतं.

"देवमाणूस आहे तो. त्याच्यावर केस?"

"देवमाणसानं विचारायचं नसतं का गं?"

"डॉक्टर कधी विचारतो का? डॉक्टर सांगतो."

आईचं हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. आमच्या भागात डॉक्टर सांगतो आणि बाई मान हलवते. त्या मान हलवण्याला कायद्यात संमती म्हणतात. मला हे मान्य नव्हतं, आजही नाही. ज्या संमतीत नाही म्हणायची जागा नाही ती संमती नव्हे, शरणागती आहे. आणि बाईला काय कळतंय, असं म्हणणारा कुठल्याही पदवीचा असो, त्याला मी अडाणीच समजते.

शालनताईंचं गाव सातारा जिल्ह्यात, म्हणून दावा मी साताऱ्याला दाखल केला. नव्या कायद्याने तक्रारदाराला आपल्या राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते. दवाखाना सांगलीचा, त्यांचे वकील सांगलीचे. त्यांना सगळे आण्णा म्हणतात. पांढरे केस, मृदू आवाज, आणि उलटतपासणीत साक्षीदाराला पान खिलवल्यासारखं बोलता बोलता संपवण्याची ख्याती. ते आप्पांना जुने ओळखतात. पहिल्याच तारखेला मला म्हणाले, "काय पोरी, सांगलीचं भांडण साताऱ्यापर्यंत आणलंस? एसटीचं तिकीट तुझ्या आप्पांकडून वसूल करणार बघ."

"आण्णा, तुमच्यासाठी पत्रकं विकून भरीन."

मी यंत्र बनवणाऱ्या कंपनीलाही प्रतिवादी केलं होतं. कंपनीचा जबाब आला: आमच्या यंत्राबरोबरच्या माहितीपत्रकात हा धोका स्पष्ट छापलेला आहे, जबाबदारी वापरणाऱ्याची. मी ते पत्रक आप्पांना दाखवलं. बारीक इंग्रजी टाइप, घडीवर घडी. आप्पांनी चष्मा वर-खाली केला.

"हे वाटलं कुणाला?"

"यंत्राच्या खोक्यात होतं."

"मग हे पत्रक नव्हे, रद्दी. पत्रक हातात द्यायचं असतं. आम्ही पावसात कारखान्याच्या गेटवर उभं राहून एकेकाच्या हातात दिलीत. खोक्यात टाकून कुणी लढा दिलाय का?"

डॉक्टरांच्या जबाबात मात्र मला अनपेक्षित असं एक वाक्य होतं. प्लास्टिकची पिशवी वापरणार नसल्याचं त्यांनी रुग्णाला आदल्या संध्याकाळी तोंडी सांगितलं होतं, आणि रुग्णाने त्याला मान्यता दिली होती. मी शालनताईंना फोनवर विचारलं, "कव्हरचं काही बोलले होते का डॉक्टर?" त्या ठामपणे म्हणाल्या, "अजिबात न्हाई." मला वाटलं डॉक्टर सरळ खोटं बोलताहेत. आता त्यांना सोडायचं नाही, असं ठरवून मी तयारीला लागले.

ग्राहक आयोगात बहुतेक पुरावा शपथपत्रांवरच चालतो. तोंडी उलटतपासणी क्वचित होते. पण दोन माणसं एकाच संभाषणाबद्दल दोन गोष्टी सांगत होती आणि त्यातलं एक माणूस झपाट्यानं खंगत होतं. आयोगाने दोघांचीही तपासणी एकाच दिवशी ठेवली.

त्या दिवशी हवालदारांनी भाड्याच्या गाडीत मागच्या सीटवर गादी टाकून शालनताईंना आणलं. बरोबर जाऊ मंगल, हातात पाण्याची बाटली, डोईवरचा पदर घट्ट. ती दिवसभर एक शब्द बोलली नाही. शालनताई आता फारच बारीक दिसत होत्या, पोट तेवढं मोठं. आयोगाच्या अध्यक्षांनी त्यांना बसून बोलायला सांगितलं. डॉक्टर पलीकडच्या बाकावर होते. मध्यमवयीन, दमलेला चेहरा, हातात मिटलेला चष्मा.

आण्णा उठले. घाई अजिबात नाही.

"शालनबाई, त्रास होत असेल तर सांगा, आपण थांबू. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी डॉक्टर तुमच्या खाटेपाशी आले होते?"

"आलं व्हतं."

"चांगलं बोलले?"

"लय चांगलं. डोक्यावर हात ठिवला."

"तुम्हाला त्यांनी सांगितलं ना, की पिशवी लागणार नाही?"

मी उठायला लागले होते, पण शालनताईंचं उत्तर आधी आलं.

"व्हय. सांगितलं व्हतं."

"नक्की आठवतंय?"

"आठवतंय तर. 'पिशवी लागनार न्हाई,' म्हनले."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हनलं, न लागू द्या. आता कशाला लागती."

आण्णांनी मान तुकवली. "आभारी आहे. मला आणखी काही विचारायचं नाही." आणि ते बसले. बसताना माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. ते मला जास्त लागलं.

अध्यक्षांनी विचारलं, फेरतपासणी करायची आहे का. मी थोडा वेळ मागितला. जेवणाची सुट्टी जवळ आली होती, ती मिळाली.

बाहेर चहाच्या टपरीशी हवालदार बायकोवर तुटून पडले. "आगं, सांगितलं व्हतं म्हनालीस? सगळी केस पाण्यात घातलीस की!"

"मग? सांगितलंच व्हतं. देवावर हात ठिवून खोटं बोलू का?"

मीही वैतागलेच होते. "ताई, मी फोनवर विचारलं तेव्हा तुम्ही नाही म्हणालात."

"तुमी कवरचं इचारलं. कवरचं न्हाईच बोललं ते. पिशवीचं बोललं."

मी कप टपरीच्या फळीवर ठेवला.

"ताई, आण्णांनी विचारली ती पिशवी कुठली?"

शालनताईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली, की वकिलीची सनद मला कुणी दिली असा प्रश्न त्यांना पडला असावा.

"आवं बाई, बाईमाणसाला पिशव्या असत्यात किती?"

आमच्याकडे गर्भाशय असं कुणी म्हणत नाही. पिशवी म्हणतात. पिशवी खराब झाली, पिशवी खाली आली, पिशवी काढली. डॉक्टरही तसंच बोलतात, गावोगावी आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईही, माझी आईही. आणि त्या संध्याकाळी डॉक्टरांनी खाटेपाशी उभं राहून प्लास्टिकच्या पिशवीबद्दल सांगितलं होतं, की ती लागणार नाही. शालनताईंनी ऐकलं की तुम्हाला आता गर्भाशय लागणार नाही. पोरं मोठी झाली होती. त्या म्हणाल्या, आता कशाला लागती. डॉक्टरांना संमती मिळाली. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. कुणीच खोटं बोललं नव्हतं.

आणि मी, शब्दांवर पोट भरणारी, 'कव्हर' म्हणत बसले होते.

दुपारी मी शालनताईंना एकच प्रश्न विचारला: डॉक्टर म्हणाले ती पिशवी म्हणजे काय? त्यांनी जसं टपरीवर सांगितलं तसंच सांगितलं. आण्णांच्या हातातलं पेन थांबलं. मग डॉक्टर साक्षीला आले. सकाळी ठरवलेले सगळे टोचरे प्रश्न मी बाजूला ठेवले होते.

"डॉक्टर, त्या संध्याकाळचे तुमचे नेमके शब्द सांगाल?"

"सांगितलं की, पिशवी लागणार नाही. गाठ साधी वाटत होती, आणि पिशवी वापरली की वेळ वाढतो."

"धोक्याबद्दल काही?"

"ते त्यात आलंच."

"'पिशवी लागणार नाही' या तीन शब्दांत?"

त्यांनी हातातला चष्मा उघडून पुन्हा मिटला. मी पुढे गेले.

"प्लास्टिकची पिशवी, असं म्हणालात?"

"पेशंटला कळेल अशा भाषेत बोलतो आम्ही. पिशवी म्हटलं."

"तुमच्या ओपीडीत एखादी बाई आली आणि म्हणाली, डॉक्टर, माझी पिशवी दुखते, तर तुम्ही तिच्या हातातली बाजाराची पिशवी तपासता का?"

मागे कुणीतरी हसलं. अध्यक्षांनी वर पाहिलं, हसू थांबलं.

"नाही."

"इथल्या बायका गर्भाशयाला काय म्हणतात, डॉक्टर?"

आण्णा हरकत घ्यायला अर्धे उठले आणि पुन्हा बसले. डॉक्टरांनी माझ्याकडे नाही, शालनताईंकडे पाहिलं. माझ्या मते त्या क्षणी त्यांना ती संध्याकाळ शालनताईंच्या बाजूने दिसली.

"पिशवी," ते म्हणाले. आणि मग, कुणी विचारलं नसताना, "त्या म्हणाल्या, आता कशाला लागती. मला वाटलं..."

"डॉक्टर," खुर्चीतून शालनताईंचा आवाज आला, "तवाच इचारायचं की मला, कुठली पिशवी?"

साक्षीदाराने मध्ये बोलायचं नसतं. अध्यक्षांनी त्यांना हळूच हाताने थांबवलं. पण लिहून घेणाऱ्या माणसाला थांबवलं नाही.

संध्याकाळी गाडीत त्यांना टेकून बसवताना मी म्हणाले, "ताई, निकाल यायला वेळ लागेल."

"लागू द्या. त्यांला कळलं न्हवं? मी बघितलं तोंड त्यांचं." मग हवालदारांकडे वळून, "आता तुमी बी सही करताना वाचून करा जरा."

निकाल आला तेव्हा त्या नव्हत्या. याचं मला वाईट वाटतं, आणि त्याला इस्त्री करायची माझी इच्छा नाही. एका बाईला तिचं म्हणणं कागदावर बघायला जिवंत राहावं लागतं आणि आपली व्यवस्था तेवढीही घाई करत नाही. हवालदार एकटे जिना चढून आले. मी त्यांना ते वाक्य वाचून दाखवलं: तक्रारदार महिलेला उपलब्ध पर्याय आणि धोका तिला समजेल अशा शब्दांत सांगितले गेले नाहीत आणि तिची संमती घेतली गेली नाही. त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं. ऐकताना ते उभे राहिले, ताठ, हात पँटच्या शिवणीला लावून.

कंपनी सुटली. इशारा छापलेला होता, म्हणून. त्यावर मी राज्य आयोगात अपील केलंय. दवाखान्यानंही आपल्या बाजूनं केलंय. आण्णा भेटले की म्हणतात, "पोरी, आता मुंबईचं तिकीट पण तुझ्या आप्पांकडून?" मी म्हणते, हो, दोघांचं काढा. खोक्यातल्या पत्रकाला इशारा म्हणायचं की नाही, हे भांडण मी सोडणार नाही आणि ते जिंकायचा माझा इरादा पक्का आहे.

दरम्यान मी स्वतः एक पत्रक काढलं. मथळा: कुठली पिशवी? खाली सोप्या मराठीत, ऑपरेशनआधी डॉक्टरला काय विचारायचं ते. गाठ तुकडे करून काढणार की अखंड? आतल्या आत यंत्र चालवणार का? चालवणार असाल तर प्लास्टिकच्या पिशवीत की मोकळ्या पोटात? मला काय काय पर्याय आहेत? आप्पांनी प्रूफ तपासताना कपाळाला आठ्या घातल्या.

"उद्गारचिन्ह कुठाय?"

"नको. प्रश्नचिन्हच ठेवा."

औंधला यमाईच्या दर्शनाला येणाऱ्या बायकांच्या हातात आम्ही ती दिली. सांगलीत हळदीच्या वखारींवर दिली, कोयनानगरच्या घाटातल्या गावांत आशाताईंनी नेली. एकेकीच्या हातात. काहींनी त्यात पेढे बांधले, तेही मी पाहिलं. हरकत नाही, पेढे खाताना वाचलं जातं.

मग मंगलचा फोन आला. तिच्याही पिशवीत गाठ निघाली होती. कराडच्या एका बाई डॉक्टरांकडे दाखवायला जायचं होतं. "तुमी या संगं," म्हणाली. मी गेले. मी काही बोलायचं नाही, असं स्वतःला बजावून कोपऱ्यात बसले.

डॉक्टरांनी तपासलं, सोनोग्राफीचे फोटो पाहिले आणि म्हणाल्या, "मंगलताई, पिशवी काढावी लागेल असं दिसतंय."

"ती म्हायती हाय," मंगल म्हणाली. "दुसरी पिशवी दावा."

डॉक्टर क्षणभर गोंधळल्या. पण हसल्या नाहीत, हे त्यांच्या बाजूनं नोंदवते. कपाट उघडून त्यांनी एक पारदर्शक पिशवी काढली आणि टेबलावर ठेवली. मंगलने ती उचलली, उजेडात धरली, बाजारात पिशवी घेताना तपासतात तशी आत हात घालून ताणून पाहिली.

"भोक न्हाई न्हवं कुठं?"

"नाही. पण हिनं धोका कमी होतो, अगदी जात नाही. दुसरा रस्ता म्हणजे पोटाला छेद घेऊन अखंड काढणं. त्यात दुखतं जास्त, उठायला वेळ लागतो." त्यांनी दोन्ही बाजू सावकाश सांगितल्या. शेवटी विचारलं, "तुम्हाला काय करावंसं वाटतं?"

मंगलचा नवरा घसा खाकरून पुढे सरकला. "डॉक्टर, तुमास्नी योग्य वाटंल ते..."

"तुमी गप बसा," मंगल म्हणाली. साताऱ्याला दिवसभर एक शब्द न बोललेली मंगल. "पोट माजं हाय. मला जरा इचार करू द्या."

बाहेर गर्दी होती. नंबर पुकारणारी बाई दार ढकलून आत डोकावली, परत गेली, पुन्हा डोकावली. मंगल हातातली पिशवी गुडघ्यावर ठेवून तिच्या घड्या सारख्या करत बसली होती.

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं आणि त्या थांबल्या.